हाडाचा संग्राहक

पुण्यात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या पोटजाती पुष्कळ. दिवेवाले, अडकित्तेवाले, कुलपंवाले, नाणीवाले, तिकीटवाले. प्रत्येक पोटजातीला दुसरीचं मनातून हसू येतं. नाणीवाल्याच्या मते तिकीटवाला रद्दी गोळा करतो आणि तिकीटवाल्याच्या मते नाणीवाला चिल्लर. या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसणारा, आणि तिथून सगळ्यांकडे वरून पाहणारा इसम म्हणजे चमचेवाला. त्यातही चांदीचे, जर्मन सिल्व्हरचे, राणीच्या छापाचे चमचे जमवणारे निराळे. त्यांना हा आपल्यात धरत नाही. धातू म्हटला की याच्या कपाळाला आठी पडते. याला लागतं ते कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी: दात, शिंग, हाड, शिंपला, करवंटी, फार तर शिसवीचं लाकूड. "धातूचं काय, खाणीतून काढला, वितळवला, ओतला, संपलं," असं तो म्हणतो. "दंतासाठी आधी हत्ती जन्माला यावा लागतो."

अशा माणसाचं नाव काहीही असू शकतं. आपण त्याला अप्पा म्हणू.

अप्पा बँकेत कॅशियर होते. नोट चिमटीत आली की खरी की खोटी हे खिडकीबाहेर बघत बघत सांगायचे. निवृत्तीच्या समारंभात मॅनेजरनं त्या बोटांचा खास उल्लेख केला होता. पण नोटांवर तयार झालेल्या या बोटांना चमच्यातलं अक्षरही कळत नाही, हे अप्पांच्या आयुष्यातलं मोठं दुःख. चमचा हातात घेतला की बोटं म्हणतात, दंत. भिंग लावलं की डोळे म्हणतात, काय की बुवा. आणि काकू म्हणतात, "किती दिले?"

स्वतः अप्पा हातानं जेवतात. वरणभात, आमटी, श्रीखंड, सगळं हातानं, खीर आली तर वाटीच तोंडाला. घरात शेकड्यानं चमचे, पण साखरेच्या डब्यात खोकल्याच्या औषधाबरोबर फुकट आलेला पांढरा प्लास्टिकचा चमचा आहे. एकदा काकूंनी शोकेसमधला एक शिंगाचा चमचा चिवड्याच्या डब्यात टाकला. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण चिवडा सोडून.

ही शोकेस दिवाणखान्यात दर्शनी भिंतीला. टीव्ही त्यापायी स्वयंपाकघरात गेला. पाहुणा आला की त्यानं आधी हात धुवायचे, पुसायचे, मग लग्नातल्या बँडवाल्यांच्या दुकानातून आणलेले पांढरे हातमोजे चढवायचे. चहा संग्रह पाहून झाल्यावर. चमचे जमवणाऱ्याबद्दल जो विनोद मराठी माणसाला सुचायचा तो याच वेळात सुचतो, आणि आपल्याला पहिल्यांदाच सुचला अशा आनंदात तो करतोही. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. काकू आतून घड्याळ पाहतात. पाच मिनिटांच्या आत विनोद करणाऱ्याला बिस्किट मिळत नाही.

प्रत्येक चमच्याखाली एक चिठ्ठी. कॅशियरचं नीटस, ठसठशीत अक्षर. 'दंत. सोळावे शतक (?)'. 'दंत, बहुधा सिंहल (?)'. 'शिंग, अलास्का (?)'. कंसातलं ते प्रश्नचिन्ह अप्पांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. बाकी सगळं त्यांच्या आशेनं लिहिलेलं असतं.

राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे अप्पांचं पंढरपूर. केळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळून गावोगाव पायपीट केली, दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं जमवली आणि शेवटी सारा संग्रह सरकारच्या हवाली केला. तिथून परत आले की अप्पा संध्याकाळभर अबोल असतात. मग म्हणतात, "सगळं केलं हो त्यांनी. फक्त चमच्यांकडे हवं तेवढं लक्ष दिलं नाही." थोडं थांबून, "माझ्यासाठी ठेवलं असेल."

अप्पांच्या प्रत्येक चमच्याचा एक थोरला भाऊ परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या संग्रहालयात असतो. हा त्यांच्या बोलण्याचा ठरलेला घाट. "याचा भाऊ लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये," असं म्हणून ते दांड्यावर पक्षी कोरलेला एक चमचा मखमलीवर ठेवतात. आता भावाची कहाणी मात्र सोळा आणे खरी, आणि अप्पांच्या तोंडून ऐकण्यासारखी. पंधराव्या शतकात पोर्तुगीज गलबतं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागली. आजच्या सिएरा लिओनमधल्या आणि नंतर आजच्या नायजेरियातल्या बेनिनच्या कारागिरांनी त्या दर्यावर्द्यांसाठी हस्तिदंताची मिठाची पात्रं, शिंगं आणि चमचे कोरले. चमच्याचा खोलगट भाग इतका पातळ की उजेडापुढे धरला तर उजेड आरपार दिसावा. दांड्यावर पक्षी, मगरी, हरणं. असला चमचा कोणी सूप प्यायला बनवत नाही. तो राजेरजवाड्यांच्या कपाटासाठीच जन्माला आला.

"आणि गंमत बघ," अप्पा आवाज खाली आणतात. "युरोपात गेल्यावर हे आफ्रिकेचं काम आहे हे लोक विसरूनच गेले. कोणी तुर्की म्हटलं, कोणी हिंदुस्थानी. तो ड्यूरर, एवढा मोठा जर्मन चित्रकार. 1521 साली अँटवर्पला असताना त्यानं हस्तिदंताची दोन मिठाची पात्रं घेतली. डायरीत लिहून ठेवलंय, कालिकतची म्हणून. आता अभ्यासक म्हणतात, ती बहुधा आफ्रिकेची असावीत. ड्यूररसारख्या ड्यूररला दुकानदारानं कालिकत सांगितलं!"

ड्यूरर फसला याचा अप्पांना जेवढा आनंद होतो तेवढा खुद्द त्या दुकानदाराला झाला नसेल. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आपल्याला कोणी टोपी घातली की अप्पा पाचशे वर्षं पुढेमागे करून ड्यूररच्या शेजारी जाऊन उभे राहतात.

मग पुढचा चमचा, पुढचा भाऊ. पॅरिसच्या लूव्रमध्ये इजिप्तचे चमचे आहेत. दांडा म्हणजे पाण्यात आडवी झालेली पोहणारी मुलगी, तिनं दोन्ही हात पुढे ताणून एक बदक धरलेलं, आणि बदकाचं पोट म्हणजे चमच्याची वाटी. सव्वातीन-साडेतीन हजार वर्षं जुने. अप्पांच्या संग्रहातल्या धाकट्या भावाला मुलगी नाही, बदकही नाही, पण "लांबी तेवढीच आहे". अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या हैडा आणि त्लिंगित लोकांचे चमचे डोंगरी बोकडाच्या काळ्या शिंगाचे. शिंग उकळत्या पाण्यात मऊ करायचं, लाकडी साच्यात दाबून वाटीला आकार द्यायचा, आणि निमुळत्या टोकावर एकाच्या डोक्यावर एक असे कावळे, अस्वलं, कुळाची चिन्हं कोरायची. मोठ्या जेवणावळीत यजमानाचं कूळ पाहुण्याच्या हातात यायचं ते असं. वेल्समधले तरुण लाकडाचा चमचा स्वतः कोरून आवडत्या मुलीला देत. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात असला 1667 सालचा चमचा आहे.

"तुम्ही मला काय दिलं होतं?" काकू आतून विचारतात.

"फिक्स्ड डिपॉझिटची पावती," अप्पा म्हणतात, आणि चमचा क्रमांक सतराकडे वळतात.

क्रमांक सतरा हा अप्पांचा खास. लाकडी, हातभर लांब, दांड्याच्या शेवटी चेहरा. याचे भाऊ लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टमधल्या दान लोकांत. तिथं गावातल्या सर्वांत अगत्यशील बाईला असा मोठा पळा मानानं मिळतो. सणाच्या दिवशी ती तो हातात घेऊन मिरवते, आल्यागेल्याला वाढते, आणि गाव तिला त्या मानाच्या नावानं ओळखतं. अप्पा हे सगळं डोळे मिटून सांगत असतात. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन येतात, दुपारपासूनचा चौथा.

"आणि त्या बाईचा नवरा काय करतो?" काकू ट्रे ठेवता ठेवता विचारतात.

"नवऱ्याबद्दल पुस्तकात काही दिलेलं नाही."

"मला वाटलंच."

काकूंनी एकही पुस्तक वाचलेलं नाही, आणि चमच्यातलं त्यांना सगळं कळतं. मोत्याच्या शिंपल्याचा चमचा दाखवताना अप्पा कॅव्हियार खाणाऱ्या श्रीमंतांवर आले होते. माशाची ती खारी अंडी चांदीच्या चमच्यानं खाल्ली तर चव बिघडते, चांदीही काळवंडते. कोंबडीच्या अंड्यातल्या गंधकानं चांदीच्या चमच्याची तीच गत होते, म्हणून अंड्यासाठी शिंगाचे, हाडाचे, शिंपल्याचे चमचे करायची पद्धत पडली. रासायनिक क्रिया, सल्फाइडचा थर, असं पंधरा मिनिटं चाललं.

"म्हणजे कळकतं," काकू म्हणाल्या. "कल्हई गेलेल्या पितळेत सार ठेवलं तर कळकतं, तसं. सरळ सांगा ना."

शोकेसच्या खालच्या कप्प्यात अप्पांच्या आईची डवली आहे. अर्धी करवंटी, तिला भोकं पाडून आरपार खोवलेला बांबूचा दांडा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरोघर असायची तसली. संपूर्ण संग्रहात प्रश्नचिन्ह नसलेली चिठ्ठी तेवढी हिची. आमसुलाचं सार केलं की काकू शोकेस उघडून ती काढतात, वाढतात, धुऊन पुन्हा ठेवतात. अप्पा तिकडे पाठ करून बसतात. विरोध करायची सोय नाही, कारण तेही सार पितात.

धर्मकार्यातही अप्पांचा अभ्यास आडवा येतो. पुतण्याच्या वास्तुशांतीला होमात तुपाची आहुती पडायची वेळ आली आणि अप्पांनी गुरुजींचा हात धरला. श्रौत कर्मात जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुवा खैराचा असा दंडक आहे, तर आपला हा स्रुवा कशाचा, असं त्यांनी विचारलं. गुरुजींनी धुरानं लाल झालेले डोळे वर केले. "यजमान आपण का?" अप्पा म्हणाले, नाही. "मग दक्षिणा कोण देणार आहे?" असं विचारून गुरुजींनी आहुती टाकली. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "आंब्याचा होता. मी बघितला."

पण अप्पांचं खरं नाट्य दंताचं.

हस्तिदंत म्हणजे अप्पांचं स्वप्न, आणि हस्तिदंत म्हणजे अप्पांची धडकी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना बँकेच्या सेवाशर्तींपेक्षा चांगला पाठ आहे. 1986 च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून आणलेल्या दंताचाही. त्याआधी 1989 साली जगातल्या देशांनी मिळून आफ्रिकी दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला मनाई केली होती. हे सगळं योग्यच झालं असं अप्पा मनापासून मानतात. हत्तीचा सुळा म्हणजे त्याचा वरचा पुढचा दात, जबड्यात खोलवर रुतलेला. तो पुरता काढायचा तर बहुतेक वेळा हत्तीला मारूनच काढतात, हे वाचलं त्या रात्री त्यांना झोप आली नव्हती. दारावरच्या गणपतीला त्यांनी सकाळी उठून हार घातला. आणि मग शोकेससमोर उभे राहून त्यांनी स्वतःला विचारलं, की आपले हे दंत असले तर? आणि लगेच दुसरा प्रश्न आला, की नसले तर?

या दोन प्रश्नांच्या मध्ये अप्पा राहतात. दंत असेल तर कायद्याचा गुन्हा. हाड असेल तर आयुष्यभराचं नाक कापलं. म्हणून पाहुण्यासमोर चमचा दंताचा असतो, हळू आवाजात. खिडकी उघडी असेल तर हाडाचा, मोठ्या आवाजात. एकदा मखमलीवर चमचा ठेवून "शुद्ध दंत" असं ते कुजबुजत होते, तोच दारात खाकी कपडे दिसले. अप्पा ताडकन उठून ओरडले, "हाड आहे! सगळं हाड आहे!" पोस्टमननं शांतपणे पेन पुढे केलं. "रजिस्टर आहे. इथं सही."

2003 साली सुटकेची एक वाट निघाली होती. कोणाकडे जुन्या वन्यजीव वस्तू असतील त्यांनी 180 दिवसांत जाहीर कराव्यात, अशी नियमावली केंद्र सरकारनं काढली. अप्पांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज आणला. नाव, पत्ता, वय, सगळं ठसठशीत अक्षरात भरलं. मग वस्तूच्या वर्णनाचा रकाना आला. 'हस्तिदंत' लिहावं, तर वनखात्याचा माणूस तपासून जाईल आणि 'हाड' म्हणेल, आणि ते सरकारी कागदावर कायमचं नोंदलं जाईल. 'हाड' लिहावं, तर अर्ज कशाला करायचा? विचार करता करता पावसाळा गेला. नवरात्र गेलं. दिवाळी तोंडावर आली आणि 180 दिवस संपले. अर्ज अजून फायलीत आहे. त्या रकान्यात 'हस्तिदंत' आहे आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

विकणाऱ्यांना हे सगळं नेमकं माहीत. रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरला की अप्पा येणार, दोन्ही हात पाठीमागे बांधून, काही घ्यायचं नाही असा चेहरा करून. "या अप्पा, तुमच्यासाठी राखून ठेवलाय." चमचा फडक्यातून निघतो. तोंडानं तो दोनशे वर्षांचा, संस्थानिकांच्या घरचा, शुद्ध दंताचा असतो. बिल मागितलं की तोच चमचा 'शोभेची वस्तू, नवीन, नग 1' होतो. शंभर वर्षांवरची कलावस्तू म्हटली की 1972 चा पुरावस्तूंचा आणखी एक कायदा आहे. तेव्हा कागदावर सगळं कालपरवाचं. अप्पा ते बिल घडी करून खिशात ठेवतात आणि घरी येऊन 'अठरावे शतक (?)' अशी चिठ्ठी लिहितात.

खरंखोटं तपासायच्या रीती त्यांनी पुस्तकातून गोळा केल्या. बँकेतल्या ओळखीनं नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. त्या उजेडात दंत निळसर पांढरा चमकतो. अप्पांचे बरेच चमचे चमकले. मग पुढच्या पानावर वाचलं की हाडही तसंच चमकतं. त्यानंतर श्रेगर रेषा आल्या. सुळा आडवा कापला की आतल्या भागात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हत्तीच्या सुळ्यात त्या कडेजवळ 115 अंशांपेक्षा मोठ्या कोनात छेदतात, आणि सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणाऱ्या मॅमथच्या सुळ्यात 90 अंशांपेक्षा लहान कोनात. मॅमथ केव्हाच नामशेष झाल्यामुळे हत्तीच्या दंताच्या व्यापारावरची आंतरराष्ट्रीय बंदी त्याला नाही. हे वाचून अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. दंतही आणि गुन्हाही नाही! नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन ते महिनाभर चमच्यांच्या दांड्यांवर मॅमथ शोधत होते. रेषाच दिसत नव्हत्या. "फार घासलाय," ते म्हणायचे. "जुन्या वस्तूंचं तेच होतं."

शेवटी तापवलेल्या सुईची चाचणी. खऱ्या दंतावर सुईचं टोक रुतत नाही, प्लास्टिकमध्ये रुततं. रविवारी सकाळी अप्पांनी गॅसवर सुई तापवली आणि 'दंत, फ्रेंच, एकोणिसावे शतक (?)' या चमच्याच्या दांड्याला लावली. चमचा भडकला. नुसता जळला नाही, भकन पेटला. अप्पांनी तो सिंकमध्ये फेकला. देवघरातून काकू लगबगीनं आल्या. "कापराचा वास आला. आरती केलीत का तुम्ही?"

कापराचा वास बरोबर होता. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करत. दंताचा तुटवडा पडू लागला तेव्हा एका कंपनीनं 1863 मध्ये त्याला पर्याय शोधणाऱ्यासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हायॅट या माणसानं त्या नादात कापूस, नायट्रिक आम्ल आणि कापूर यांच्या मेळातून सेल्युलॉइड बनवलं आणि भावासोबत 1870 मध्ये पेटंट घेतलं. मग त्यातून कंगवे झाले, फण्या झाल्या, आरशाच्या मुठी, चमच्यांचे दांडे झाले. दंतासारख्या समांतर रेषा मुद्दाम घालून 'फ्रेंच आयव्हरी' या नावानं ते विकले गेले. सेल्युलॉइड पेट घेतं, आणि त्यात कापूर असतोच. अप्पांचा चमचा एकोणिसाव्या शतकातला असेलही, फ्रेंचही असेल. चिठ्ठीतला एकच शब्द चुकला होता. अप्पांनी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

या आगीनंतर काकूंनी निर्णय घेतला. इमारतीच्या तळमजल्यावर दाताचे डॉक्टर बसतात. "दात ओळखायचाय ना? मग दातवाल्याला दाखवा," असं म्हणून त्यांनी सगळे चमचे भाजीच्या पिशवीत घातले. अप्पा हातमोजे हातमोजे म्हणत मागून जिना उतरले. मीही गेलो, कारण असलं दृश्य पुन्हा दिसत नाही.

डॉक्टर तरुण आणि सज्जन. अप्पांना त्यांनी खुर्चीत बसवलं, दिवा अप्पांच्या तोंडावरून पिशवीवर वळवला, डोळ्यांना भिंग लावलं आणि एकेक चमचा काढला. "हत्तीचा सुळा आणि आपला दात, आतलं द्रव्य एकच काका. डेंटीन. रोज बघतो मी." मग भिंग खाली आणून, "हे बघा, हे बारीक काळसर ठिपके. हाडात रक्तवाहिन्या जायला नळ्या असतात, त्यांची ही तोंडं. दातात ती नसतात. हे हाड." चमचा बाजूला. "हेही हाड. बहुधा बैलाचं किंवा उंटाचं. हाड. हाड. हे प्लास्टिक. हे शिंग, छान आहे. हाड." डवली हातात आल्यावर ते थांबले. "हे फार सुंदर आहे. कुठं मिळालं?" काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघरात."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं होतं. डॉक्टरांनी सवयीनं दिवा तिकडे वळवला. "काका, उजवीकडची खालची दाढ काढावी लागेल तुमची." दुसऱ्या दिवशी काढली. त्या दवाखान्यातून अस्सल डेंटीनची एकच वस्तू घरी आली ती कापसात गुंडाळून, अप्पांच्या खिशातून. काकूंनी शोकेसमध्ये जागा करून देऊ का म्हणून विचारलं. अप्पांना बोलता येत नव्हतं.

पुढचे आठ दिवस अप्पा फार चमत्कारिक वागले. खिडक्या सताड उघड्या. खाकी कपडे दिसले की आपणहून बोलावून चहा. कायद्याची फाइल माळ्यावर. चिठ्ठ्यांवरून 'दंत' खोडून 'हाड' लिहिलं आणि प्रश्नचिन्ह काढून टाकली. आता प्रत्येक चमच्याखाली पूर्ण, खरं, निःशंक वाक्य होतं, आणि अप्पा शोकेसकडे फिरकत नव्हते. पाहुण्यांना सरळ चहा मिळायचा. एकानं तर तो विनोद केला आणि अप्पा हसले. काकू घाबरल्या. "दंत नाही तर नाही," त्या मला दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाल्या, "पण माणसाला काहीतरी शंका हवी हो. नुसती खात्री घेऊन दिवसभर करायचं काय?"

नवव्या दिवशी रविवार होता. मी जुन्या बाजारात जुने ग्रामोफोन पाहत होतो. पलीकडच्या पथारीपाशी अप्पा उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. पथारीवाला नवा पोरगा होता, धंद्यात मुरलेला नव्हता. त्यानं एक चमचा पुढे केला. लांब, पिवळसर, दांड्यावर अर्धा झिजलेला पोपट.

"हाडाचा आहे काका," पोरगा म्हणाला. "खोटं कशाला सांगू. दोनशे द्या."

अप्पांनी चमचा घेतला. चिमटीत धरून फिरवला. खिशातून भिंग काढलं, दांड्याच्या टोकाशी नेलं आणि बराच वेळ तिथंच राहिले. मग भिंग खिशात टाकून हळूच माझ्याकडे सरकले. त्यांचे डोळे बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखे झाले होते.

"त्याला काही बोलू नकोस," ते माझ्या कानाशी म्हणाले. "हाड आहे असा त्याचा समज आहे."

घासाघीस न करता अप्पांनी दोनशे रुपये मोजले. पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत होता, तोच अप्पांनी त्याला थांबवलं.

"बिल कर बाबा," ते भोवतालच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आणि त्यावर 'हाड' असं स्पष्ट लिही. मोठ्या अक्षरात. खाली सही."